वळिवड्याहून स्टोव्हरपर्यंत

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इंग्लंडला गेलो. मुलांचे अब्बा आणि नववीतली लेक बरोबर होती. पण फिरायला म्हणून काही आम्ही गेलो नव्हतो. आमच्या थोरल्या नणंदबाई एक्झेटर शहरात राहतात. घरात सगळे त्यांना आपा म्हणतात. अब्बाजींच्या इंतकालानंतर २०१० साली आपांनी अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, आपल्याकडे नेले. दोन वर्षांपूर्वी अम्मींना लकव्याचा झटका आला. उजवे अंग गेले. बोलणे अडखळू लागले. आणि हळूहळू आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिकडे राहून शिकलेले थोडेफार इंग्रजी अम्मी पार विसरल्या होत्या. उरली होती ती घरातली दखनी आणि बाजारातली कोल्हापुरी मराठी.

आपा आणि भाईजान दोघेही नोकरीला जाणारे. दिवसभर अम्मींजवळ थांबायला घरी कोणी नाही. अम्मींना तिथल्याच एखाद्या केअर होममध्ये ठेवायचे, की कोल्हापूरला परत आणायचे, हे फोनवर ठरण्यासारखे नव्हते. समोरासमोर बसून ठरवायला आम्ही गेलो होतो. पण घरात बसून तोच विषय तरी किती वेळ बोलणार? एका रविवारी आपा म्हणाल्या, "चलो, तुमना एक जगा दिखाती. वळिवड्याके लोगां यां आके रहे थे."

वळिवड्याचे लोक आणि इथे? आम्ही बघतच राहिलो.

एक्झेटरहून मोटारीने अर्धा तास गेले की न्यूटन ॲबट गावाच्या अलीकडे स्टोव्हर नावाचा भाग लागतो. एक मोठे तळे, भोवती उंच झाडांची राई, पाण्यावर बदके आणि कडेकडेने चालण्याची वाट. त्याच परिसरात इल्फर्ड पार्क नावाचे वृद्धालय आहे. साधी, बैठी, विटांची इमारत. पाटीवर 'पोलिश होम' असे लिहिलेले. आम्ही आत गेलो नाही. आत राहणारी माणसे म्हणजे काही पाहण्याची वस्तू नव्हे. रस्त्यावरूनच पाहिले. एक मुलगी एका आजीबाईंना चाकाच्या खुर्चीतून उन्हात आणून बसवत होती आणि वाकून त्यांच्या कानाशी काही बोलत होती. ती भाषा इंग्रजी नव्हती एवढे आम्हालाही कळले.

पोलंडची ही माणसे इंग्लंडच्या या कोपऱ्यात का, आणि त्यांचा आमच्या कोल्हापूरशी काय संबंध, हे आमच्या लेकीने विचारले. तिला सांगता सांगता आम्हालाच तो सारा इतिहास नव्याने उमगला. तो वाचकांपुढे ठेवतो.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने चढाई केली. देश दोघांनी वाटून घेतला. पूर्वेकडच्या भागातल्या लाखो लोकांना रशियाने १९४० आणि १९४१ मध्ये घराघरांतून उचलले, मालगाडीच्या डब्यांत भरले आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे नेऊन टाकले. जंगलतोड, खाणी, उपासमार, टायफस. पुढे जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा चित्र पालटले. रशियाने या पोलिश कैद्यांना सोडले आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांची फौज उभी करण्यास परवानगी दिली. हाडांचे सापळे झालेली माणसे शेकडो कोस तुडवत या फौजेकडे निघाली. मागोमाग त्यांच्या बायका, मुले, आयाही.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, अशा दोन खेपांत एक लाखाहून अधिक पोलिश लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. आज या बंदराला अंझली म्हणतात. इराणवर स्वतःवरच त्या वेळी परक्या फौजा बसल्या होत्या आणि धान्याची टंचाई होती. तरीही या परदेशी, परधर्मी मुहाजिरांना त्या मुस्लिम मुलखात आसरा मिळाला. अनाथ मुलांची सोय इस्फहानमध्ये झाली. तेहरानच्या दूलाब भागात पोलिश कबरी आजही आहेत. सुटका होऊनही ज्यांचे शरीर सावरले नाही, त्यांना तिथली माती लाभली.

इराणमधून वाटा फुटल्या. फौज इराकमध्ये खानकीन, मोसूल, किर्कुककडे सरावासाठी गेली. बायका-मुले आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात पाठवली गेली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना जागा दिली, ही गोष्ट बरेच जण जाणतात. सर्वांत मोठी वस्ती मात्र आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला झाली. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली. लांबच लांब बराकी, दारापुढे फुलझाडे, शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळ, नाटकाचा रंगमंच. बहुतेक वस्ती बायका आणि मुलांची. घरातला पुरुष एक तर सैबेरियात संपलेला, नाही तर पलटणीत. टपालाची वाट पाहणे हा त्या वस्तीचा रोजचा उद्योग होता.

वळिवडे आमच्यापासून काही मैलांवर. त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. आपण ईदेचे कापड घ्यायला जातो ते हेच गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी ठेवलेला आभाराचा स्मृतिस्तंभही आहे. आम्ही शाळेच्या सहलीत मुलांना तो दाखवतो. "मग ते गेले" एवढेच आजवर सांगत आलो. कुठे गेले, आणि ज्याची वाट पाहत होते तो पलटणीतला माणूस कोणत्या अवस्थेत त्यांना भेटला, हे आम्ही स्वतःलाही कधी विचारले नव्हते.

तो माणूस इटलीत लढत होता. मोन्ते कासिनोच्या डोंगरावरचा मठ आणि भोवतालची जर्मन ठाणी घेण्यासाठी दोस्त फौजांनी चार महिने जीव पाखडला. मे १९४४ मध्ये पोलिश पलटणी वर चढल्या आणि १८ मे रोजी मठाच्या ढिगाऱ्यावर त्यांचे निशाण लागले. त्यासाठी त्यांचे नऊशेहून अधिक जवान ठार झाले आणि सुमारे तीन हजार जखमी झाले. त्याच दिवसांत खालच्या खोऱ्यात गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही होती. एकाच लढाईत आपल्याकडच्या आणि वळिवड्याच्या घरधन्यांचे रक्त सांडले.

लढाई संपल्यावर दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या. हात-पाय गमावलेला आपल्याकडचा जवान निदान आपल्या गावी परतला. त्याच्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू होऊन पुढे खडकीला हललेली क्वीन मेरी संस्था होती. तिथे हातापायाने अधू झालेल्या जवानाला धंद्याचे शिक्षण मिळे. तेही नसले तरी ओसरी होती, आई होती, स्वतःची बोली होती. पोलिश जवानाचे गावच उरले नव्हते. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड रशियाकडे राहणार हे पक्के झाले, आणि नेमके तिकडचेच हे लोक. उरलेल्या पोलंडमध्ये रशियाच्या मर्जीतले सरकार आले. परत गेलो तर पुन्हा सैबेरिया, ही भीती पोकळ नव्हती. ज्या निर्वासित पोलिश सरकारच्या नावाने ते लढले, त्याची मान्यता ब्रिटनने जुलै १९४५ मध्ये काढून घेतली. ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे मोठे संचलन निघाले, त्यात ही पोलिश फौज नव्हती.

आता या माणसांचे काय करायचे? ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी १९४६ मध्ये 'पोलिश पुनर्वसन दल' जाहीर केले. एक लाखाहून अधिक सैनिक त्यात दाखल झाले. दोन वर्षे पगार, भाषेचे आणि कामाचे शिक्षण, आणि मग नागरी जीवन, अशी ती योजना. लोकांना ती रुचली नाही. कामगार संघटनांनी विरोध केला. "आमच्या नोकऱ्या जातील, आमची घरे जातील, परत जा" अशी ओरड झाली. हे शब्द आपल्याही कानांना काही नवे नाहीत. धडधाकट माणूस खाणीत, शेतात, गिरणीत कसाबसा शिरला. मोठमोठ्या हुद्द्यांचीही गय झाली नाही. हॉलंडमधील ब्रेडा शहर मुक्त करणारे जनरल माचेक यांचे नागरिकत्व पोलंडच्या नव्या सरकारने काढून घेतले, ब्रिटनने त्यांना सेनापतीची पेन्शन दिली नाही, आणि त्यांनी एडिनबरोच्या हॉटेलात दारूच्या काउंटरवर नोकरी करून कुटुंब पोसले. १९९४ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले.

जनरलची ही गत, तर एक पाय गेलेल्या साध्या शिपायाची काय असेल? खाणीत तो उतरू शकत नव्हता. सैबेरियातल्या थंडीने ज्यांची फुप्फुसे गेली होती त्यांना क्षयाने गाठले. काही जण रात्री ओरडत उठत. अशांसाठी मार्च १९४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पोलिश पुनर्वसन कायदा केला. आम्हाला या कायद्याचे अप्रूप वाटले ते त्याच्या मांडणीमुळे. ब्रिटिश हुकुमतीखाली लढताना अपंगत्व आलेल्या पोलिश सैनिकाला, आणि मेलेल्याच्या कुटुंबाला, पेन्शन देण्याची वाट त्याने पहिल्याच कलमात मोकळी केली. पुढे गरजूंना भत्ता, छावण्यांत राहण्याची सोय, औषधोपचार, मुलांचे शिक्षण. तिथली सर्वांसाठीची आरोग्य सेवा सुरू झाली ती १९४८ मध्ये. म्हणजे या परक्यांची सोय त्याआधीच कायद्यात लिहिली गेली होती. लोकांच्या मनात जागा नव्हती, तरी कागदावर हक्क होता. आणि मन बदलते, कागद टिकतो.

उपचार करणारे हातही बरेचसे त्यांचे स्वतःचेच होते. युद्धाच्या काळातच, १९४१ साली, एडिनबरो विद्यापीठात पोलिश वैद्यकीय विद्यालय निघाले होते. १९४९ पर्यंत दोनशेहून अधिक डॉक्टर तिथून बाहेर पडले. स्कॉटलंडच्या डोंगरांतील टेमाउथच्या किल्लेवजा वाड्यात पोलिश सैनिकी इस्पितळ होते. पुढे वेल्समध्ये पेन्ली येथे, अमेरिकनांनी सोडलेल्या इस्पितळाच्या बराकींत पोलिश रुग्णालय चालले, ते थेट या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. मनाने खचलेल्यांसाठी केंट परगण्यात डार्टफर्डजवळ मेबलडन येथे पोलिश मनोरुग्णालय होते. वेडाच्या भरात माणूस मायबोलीतच बोलतो. ती न कळणारा डॉक्टर त्याला काय बरे करणार?

१९४७-४८ मध्ये मुंबईहून आगबोटीने वळिवड्याचे लोक इकडे येऊ लागले, ते आपल्या माणसांना भेटायला. कोणाला नवरा सहा-सात वर्षांनी दिसला. मुले बापाला ओळखत नव्हती. कोल्हापूरच्या उन्हात वाढलेल्या या मुलांना आता ओलसर थंडीत, अर्धगोल पत्र्याच्या बराकींत राहायचे होते. मधोमध कोळशाची शेगडी, पत्र्यावरून गळणारे दव, सामाईक संडास आणि सामाईक खानावळ. अशा छावण्या इंग्लंडभर होत्या. रिकामे झालेले लष्करी तळ, विमानतळ, इस्पितळे, सगळीकडे पोलिश वस्ती. ज्याला नोकरी मिळाली, घर मिळाले, तो हळूहळू बाहेर पडला आणि छावण्या एकेक करून बंद झाल्या. मागे राहिले ते अपंग, आजारी, एकटे आणि म्हातारे.

स्टोव्हर ही त्यांची जागा. युद्धात तिथे अमेरिकन सैन्याचे इस्पितळ होते. १९४८ पासून तिथे पोलिश लोक राहू लागले. आसपासचे गावकरी त्याला 'छोटे पोलंड' म्हणत. बाकीच्या छावण्या गेल्या, ही राहिली. चव्वेचाळीस वर्षे बराकींत काढल्यावर १९९२ मध्ये नवी इमारत झाली, तीच आम्ही पाहिली. आज ती ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक विभागाकडे आहे आणि अजूनही १९४७ च्या त्याच कायद्याखाली चालते. बिटाचे आंबट सूप आणि आपल्या उकडलेल्या करंजीसारखे पिएरोगी तिथे ताटात असतात, प्रार्थना पोलिश भाषेत होते आणि म्हाताऱ्यांशी पोलिशमध्ये बोलणारी माणसे नेमलेली असतात.

सगळीकडेच असे टिकले असे नाही. वेल्सच्या किनाऱ्यावर पेनरोस नावाचे एक पोलिश गाव १९४९ मध्ये जुन्या विमानतळाच्या बराकींत वसले. त्याच तळाचे बांधकाम १९३६ मध्ये तीन वेल्श पुढाऱ्यांनी पेटवून दिले होते, कारण आपल्या भाषेच्या मुलखात इंग्रजांचा लष्करी तळ त्यांना नको होता. त्या जागी पुढे दुसऱ्या परागंदा भाषेला घर मिळाले. सत्तर वर्षे ते चालले. २०२० मध्ये तिथले वृद्धालय बंद झाले. ते एका धर्मादाय संस्थेचे होते, स्टोव्हर सरकारचे आहे. फरक आम्हाला इथे दिसला. नुसत्या चांगुलपणावर उभे राहिलेले घर खर्चाखाली वाकते, हक्कावर उभे राहिलेले जास्त तग धरते.

पोलंड मोकळा झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये लंडनमधल्या निर्वासित सरकारने आपली राजचिन्हे नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिली. आता परत जाता आले असते. पण पंचेचाळीस वर्षांनी चाकाच्या खुर्चीतून कुठे जायचे? घर होते ते गाव आता दुसऱ्याच देशात.

तळ्याकाठी बाकावर बसून आम्ही हे सगळे बोलत होतो. तेव्हा आपा म्हणाल्या, "हमारे होममें एक बुढी थी. आखरी सालमें इंग्लिश सब भूल गयी. क्या मांगती कुणाकूच समजता नै था. पानी मांगती थी, पता चला मरनेके बाद." ती बाई कोणत्या देशाची, हे आपांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. कोणी काही बोलले नाही. मुलांचे अब्बा उठून तळ्याकडे गेले.

अम्मींसाठी आपांनी पाहून ठेवलेले होम स्वच्छ होते. खाट बटणावर वरखाली होणारी, रोज व्यायाम देणारी नर्स, हलाल जेवणही मागवता येणार होते. कशात उणे काढायला जागा नव्हती. फक्त अम्मींशी दखनीत बोलणारे तिथे कोणी नव्हते. स्टोव्हरच्या म्हाताऱ्यांना जे पाऊणशे वर्षे मिळाले, तेच नेमके नव्हते.

मदिनेत मुहाजिर आले तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी एकेका मुहाजिराला एकेका अन्साराचा भाऊ केले, हे आपण मुलांना शिकवतो. निवारा दिला आणि मोकळे झाले, असे नव्हते, भाऊ दिला. उमय्या खलिफा वलीद यांच्या राज्यात आंधळ्याला हात धरणारा आणि चालता न येणाऱ्याला सेवक नेमून दिला जाई, असे आपल्या जुन्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. पैसा मोजता येतो. हात धरणारा कोणत्या भाषेत बोलतो, हे मात्र घरच्यांनाच पाहावे लागते.

सप्टेंबरात आम्ही अम्मींना कोल्हापूरला आणले. इथे आल्यावर सगळे सुरळीत झाले, असे सांगून आम्ही वाचकांना फसवणार नाही. बटणाची खाट नाही. दारातल्या दोन पायऱ्यांवर उतार बांधून घ्यायला महिना गेला. व्यायामाला येणारा मुलगा आठवड्यातून तीन दिवस येतो, तिथे रोज होता. उजवा हात अजून उठत नाही. आपा रोज इशाच्या नमाजनंतर फोन करतात आणि रडतात, कारण आई हातून गेली असे त्यांना वाटते. त्यांनी चौदा वर्षे केलेली खिदमत आम्हाला कधी फेडता येणार नाही, हे आम्ही त्यांना सांगत असतो.

पण सकाळी गल्लीत भाजीवाली ओरडली की अम्मी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा ठोकतात. तिला आत बोलवायचे, मेथीची जुडी हातात घ्यायची, आणि अडखळत का होईना, "एवढीशी जुडी आणि वीस रुपये?" असे म्हणायचे. भाजीवालीही मुद्दाम हुज्जत घालते. दहा मिनिटे हे चालते. डॉक्टरांच्या मते बोलण्याचा हाच व्यायाम.

आज आपल्या कितीतरी घरांतली मुले आखातात, इंग्लंडात, कॅनडात आहेत, आणि काहींचे आईवडीलही तिकडे गेले आहेत. बंधू-भगिनींनो, त्यांच्याशी बोलताना औषधाचे विचारता, पैशाचे विचारता, तसे आणखी एक विचारत जा. दिवसभरात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कोण बोलते? कोणीच नसेल तर फोनवर तुम्ही बोला, लहान मुलांना बोलू द्या. आणि आपल्या गल्लीत कोणी परमुलखातला म्हातारा, आजारी मजूर एकटा पडला असेल, तर त्याच्या बोलीतले चार शब्द शिकून घ्या. पाण्याला तो काय म्हणतो, एवढे तरी.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना वतनात आणि परमुलखात, धडधाकटपणी आणि लाचारीत, हात धरणारा आणि आपले बोलणे समजणारा माणूस देवो. आमीन.